गाईच्या पोटातून बी, आणि इतर प्रश्न

गोठा आणि गायरान : वाचकांची पत्रं

या वेळच्या टपालात शेणच शेण आहे. कोणी ठरवून लिहिल्यासारखी पत्रं एकाच विषयाभोवती आली : गुरांच्या पोटातून बी कुठे जातं, काय उगवतं, काय उगवू नये. पहिल्या पत्राला जास्त जागा देते, कारण तशीच विचारणा देवास आणि धारहूनही आली आहे.

प्रश्न : आमची साडेपाच एकर जमीन महूच्या पुढे, जानापावच्या बाजूला आहे. त्यातला निम्मा भाग मुरमाड उतार. तिथे कुसळी गवत सोडून काही येत नाही. चार गाई, दोन म्हशी आहेत. भाचा न्यूझीलंडमध्ये डेअरीवर नोकरी करतो. तो म्हणाला की परदेशात काही पशुपालक क्लोव्हर या शेंगवर्गातल्या चाऱ्याचं बी गुरांच्या मिठात मिसळून चारतात. बी शेणातून बाहेर पडतं आणि नांगर न लावता कुरणात क्लोव्हर पसरतो. बरसीम हाही क्लोव्हरच ना? दोन किलो बरसीमचं बी खळीत (पेंडीत) मिसळून गाईंना दिलं तर उतार हिरवा होईल का?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : भाचा सांगतो ते खरं आहे. बरसीम क्लोव्हरच, हेही खरं. तरीही तुमचं दोन किलो बी फुकट जाईल.

क्लोव्हरच्या एकाच पोत्यात दोन स्वभावाचे दाणे असतात. काही दाणे पाणी लागलं की फुगतात. काहींचं टरफल असं घट्ट असतं की रात्रभर भिजत ठेवले तरी आत पाणी शिरत नाही. त्यांना कडक बी म्हणतात. आता गाईच्या पहिल्या पोटाचा विचार करा : एकोणचाळीस अंशांच्या आसपास तापमान, भरपूर ओल, कोट्यवधी जिवाणू आणि सतत चाललेली घुसळण. मऊ दाणा तिथे फुगतो आणि पचतो. कडक दाणा तसाच पुढे सरकतो. दाणा जितका बारीक तितका तो दाढांच्या तावडीतून सुटतो, रवंथ करतानाही. न्यूझीलंडमधला पांढरा क्लोव्हर म्हणजे किलोत पंधरा लाखांच्या घरात दाणे, आणि त्यात कडक दाण्यांचा वाटा चांगला. खाल्लेलं बी दुसऱ्या दिवसापासून शेणात दिसू लागतं आणि बहुतेक तीन-चार दिवसांत बाहेर पडतं.

बरसीमची गोष्ट वेगळी. ते नाईलच्या खोऱ्यातलं ओलिताचं पीक. शेकडो वर्षं शेतकऱ्याने हाताने पेरलं आणि पेरलं की लगेच उगवलं पाहिजे अशीच त्याची निवड होत गेली. १९०४ मध्ये ते मिस्रमधून सिंधमध्ये आलं आणि तिथून उत्तर हिंदुस्थानभर पसरलं. पसरलं तेही कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर. त्याच्या बियांत कडक दाणे फार थोडे. विश्वास नसेल तर घरीच पाहा : शंभर दाणे मोजून वाटीत भिजत घाला आणि सकाळी न फुगलेले वेगळे काढा. साधारण तेवढेच गाईच्या पोटातून शाबूत निघण्याच्या लायकीचे. शिवाय निघाले तरी पुढे काय? बरसीमला थंडीत दर दहा-पंधरा दिवसांनी पाणी लागतं. तुमच्या मुरमाला दिवाळीनंतर पाणी कोण देणार?

मग पांढराच क्लोव्हर मागवू, असं तुमच्या मनात आलं असेल. नको. तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड जागी राहतो. माळव्याची रात्र कितीही गार असो, मे महिन्याची दुपार त्याला ठेवत नाही.

तुमच्या उताराला हवं स्टायलो. हेही शेंगवर्गातलं, म्हणजे हवेतला नत्र जमिनीत आणणारं आणि चाऱ्यात प्रथिनं वाढवणारं. पावसाळ्याच्या पाण्यावर येतं, हलक्या जमिनीत टिकतं आणि त्याचं बी चांगलंच कडक असतं. उत्तर ऑस्ट्रेलियात मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मोठमोठ्या कुरणांवर स्टायलो पसरवण्याचं काम बऱ्याच अंशी गुरांच्या शेणानेच केलं आहे. आपल्याकडे कोरडवाहू कुरणांसाठी स्टायलो हमाटा आणि स्टायलो स्काब्रा या जाती वापरतात. झाशीला भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्था आहे, १९६२ पासूनची. बियांची चौकशी तिथे करा. दुकानात ‘क्लोव्हर’ म्हणून जे मिळेल ते उचलू नका. आणखी एक सोय म्हणजे स्टायलोच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू चवळी-मुगाच्या जातकुळीतले असल्याने आपल्या मातीत बहुधा असतातच. बरसीमला स्वतःचे खास जिवाणू लागतात, ते पेरण्याआधी बियाला चोळायचे असतात. बरसीम पहिल्यांदा घेणारे ही पायरी चुकवतात आणि पिवळं पीक पाहून युरियाचं पोतं उघडतात.

आता गाईला बी चारायचंच असेल तर. रंग लावलेलं, म्हणजे औषध चोळलेलं बी गुरांच्या तोंडी कधीही जाऊ देऊ नका, ‘थोडंसंच आहे’ म्हणूनही नाही. पेरण्यासाठी स्टायलोचं बी गरम पाण्यातून काढतात, त्याने टरफल सैल होतं; चारण्याच्या बियाला मात्र हा उपचार मुद्दाम करायचा नाही. कोरड्या खळीत मिसळा; भिजवलेल्या आंबोणात मिसळून तासभर ठेवलंत तर मऊ दाणे गोठ्यातच फुगतील. एका गाईला रोज वीस-पंचवीस ग्रॅम पुरे. एकदम ओंजळभर दिलं तर एकाच पोमध्ये, म्हणजे एका वेळी पडलेल्या शेणात, शेकडो रोपं उगवतात आणि एकमेकांचा जीव घेतात. वेळ : जूनचा दुसरा पंधरवडा, ढग दिसू लागल्यावर. मे महिन्यात टाकलेल्या शेणावर दोन दिवसांत भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक साल धरते आणि आतलं बी तसंच कोंडून राहतं. पावसात तोच पो फुटतो, शेणकिडे त्याला जमिनीत ओढतात, रोपांना खत आणि ओल एकाच जागी मिळते.

पण गणित करून बघा. गाय दिवसातून दहा-पंधरा वेळा शेण टाकते. त्यातलं निम्मं रात्री गोठ्यात. म्हणजे चार गाईंचे उतारावर रोज पंचवीसएक पो पडतील. म्हशी उतारावर चढणार नाहीत, त्यांना सोडून देऊ. दहा दिवसांत अडीचशे. तुमचा उतार पावणेतीन एकर, म्हणजे अकरा हजार चौरस मीटरच्या वर. चाळीस-पंचेचाळीस चौरस मीटरमागे एक पो. तोही समसमान पडणार नाही. गुरं झाडाखाली, पाण्याच्या वाटेवर आणि फाटकाशी रेंगाळतात, तिथेच शेण टाकतात, आणि तिथेच खुरांनी सगळं तुडवलेलं असतं.

आणि यातलं किती शेण जागेवर राहील? हा प्रश्न परदेशी लिखाणात नसतो. आपल्याकडे चरणोईवरून, म्हणजे चराऊ जमिनीवरून, शेण गोळा करून कंडे (गोवऱ्या) थापले जातात. महूच्या बाजूला मी नोकरीत फिरत असे तेव्हा पाहिलं आहे : गुरं पुढे आणि पाटी घेतलेल्या बायका मागे. तुमचं स्टायलो दिवाळीपर्यंत चुलीत जळालेलं असेल. ज्या बायका तुमच्या उतारावर येतात त्यांच्याशी आधी बोला. पावसाळ्यात कंडे थापले जात नाहीत, म्हणूनही जूनचा शेवट सोयीचा. उन्हाळ्यात गोठ्यातलं शेण त्यांना द्या, उतारावरचं राहू द्या. हुकूम सोडून हे होत नाही.

माझ्या मते तुम्ही असं करा. उताराचा जो भाग पायाखाली येतो तिथे पहिल्या दमदार पावसाच्या तोंडाशी बी हाताने फोका. इथे गरम पाण्याचा उपचार केलेलं बी घ्या. एकरी सिंगल सुपर फॉस्फेटचं एक पोतं टाका, कारण मुरमात स्फुरद नसतो आणि त्याच्याशिवाय शेंगवर्गाची झाडं जमिनीलगतच खुरटतात. मग गाईंना त्याच तुकड्यावरून एक दिवस फिरवा. खुरांनी बी मातीत दाबलं जातं, वखर लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो तुकडा सहा ते आठ आठवडे बंद. चारलेल्या बियांचा भरवसा फक्त वरच्या, हात न पोचणाऱ्या चढावर धरा.

पहिल्या वर्षी स्टायलोला शेंगा धरू द्या. त्याला मधमाश्यांचीही वाट पाहावी लागत नाही, स्वपरागणाने बी धरतं. (न्यूझीलंडवाल्यांचा लाल क्लोव्हर इतका सोपा नव्हता. तिथे त्याला बीच धरेना, म्हणून १८८५ मध्ये त्यांनी इंग्लंडहून भुंगे बोटीने आणून सोडले. भाच्याला विचारा, त्याला ठाऊक असेल.) डिसेंबरात शेंगा वाळल्या की गाईंना दिवसातला काही वेळ त्या तुकड्यात चरू द्या आणि मग वरच्या उघड्या चढावर न्या. त्यांच्या पोटातलं बी पुढचे दोन-तीन दिवस तिथे पडत राहील आणि कडक असल्याने जूनपर्यंत थांबेल. त्यानंतर विकत बी घेण्याची गरज नाही. कुसळी लगेच जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तिला फुलोऱ्याआधी कापत राहावं लागेल. तिच्या कुसळांनी गुरांच्या तोंडात जखमा होतात, ते वेगळंच.

प्रश्न : परसबागेसाठी एक ट्रॉली शेणखत घेतलं. वांगी-मिरच्यांपेक्षा बथुआ आणि काटेमाठच जास्त उगवला. विकणारा म्हणतो तुमच्या मातीतच बी होतं. खरं कोणाचं?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : थोडं तुमच्या मातीचं, बरंचसं त्याच्या खताचं. बथुआ आणि माठ ही दोन्ही बियाणी गाईच्या पोटातून जिवंत निघण्यात पटाईत आहेत. ट्रॉलीतून जे आलं ते बहुधा उकिरड्यावर पडून वाळलेलं शेण असेल, कुजलेलं खत नसेल.

इंदूरमध्ये राहून याचं उत्तर बाहेर शोधायला नको. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी माळव्यातला शेतकरी काय फेकतो हे पाहून खताची जी रीत बसवली तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा यांचा थर, त्यावर शेण, मग गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख. ढीग साठ अंशांच्या पुढे तापतो. दोन-तीन आठवड्यांनी पहिली पालटणी, पाचव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी, आणि तीन महिन्यांत खत तयार. त्या उष्णतेत तणांचं बी मरतं. पालटताना बाहेरचा थर आत गेला पाहिजे, कारण बाहेरची बाजू तापतच नाही आणि बी तिथेच वाचतं. लोक ढीग रचतात आणि नेमकी पालटणी टाळतात, कारण कंबर मोडते.

तुमच्याकडचा उरलेला ढीग ओला करून, पालापाचोळा घालून असाच रचा. तीन महिने थांबणं होत नसेल तर वाफ्यावर पातळ पसरा, पाणी द्या, जे उगवेल ते उगवू द्या आणि फुलायच्या आधी उपटा. बथुआ असेल तर भाजी करा.

जाता जाता : पहिल्या उत्तरातले वाचक हे वाचून शेण ढिगात घालतील आणि मग बी उगवलं नाही म्हणून मला लिहितील. बी पसरवायचं असेल तर शेण जिथे पडलं तिथेच राहिलं पाहिजे. आणखी एक योगायोग. ज्या सबटरेनियन क्लोव्हरने दक्षिण ऑस्ट्रेलियाची मेंढपाळी उभी केली, तो शेतीत वापरण्याजोगा आहे हे १८८९ च्या सुमारास ज्या माणसाने माउंट बार्करजवळ हेरलं, त्याचं आडनावही हॉवर्डच होतं, एमॉस हॉवर्ड. दोघांचं नातं असल्याचं माझ्या माहितीत नाही.

प्रश्न : आमची थोडी जमीन ग्वाल्हेरहून भिंडच्या बाजूला, बीहडाच्या (नदीकाठच्या घळींच्या) काठावर आहे. विलायती बाभूळ दर वर्षी आत सरकते आहे. शेळ्या-गाई तिच्या शेंगा आवडीने खातात. खाऊ द्याव्यात का?
(एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : खाऊ द्या, पण शेंगा भरडून. चंबळच्या बीहडात १९८० च्या दशकात विमानातून या बाभळीचं बी टाकलं गेलं, धूप थांबावी म्हणून. त्यानंतरचं बरंचसं काम गुरांनी केलं. शेंग गोड, बी कडक, आणि गाय ते न चावता गिळते. पोटातून गेल्यावर ते उलट जास्त लवकर रुजतं. शेळ्या-मेंढ्या दाणे जास्त चावतात, तरी काही सुटतातच. भरडलेल्या शेंगेत बी फुटून जातं आणि गोडवा व पोषण गुरांना मिळतं. निव्वळ शेंगांवर गुरं ठेवू नका, चाऱ्याबरोबर थोडा वाटा म्हणून द्या. झाडाखाली चरून आलेली गुरं स्वच्छ जमिनीत सोडण्याआधी तीन-चार दिवस, जमलं तर आठवडाभर, गोठ्यात बांधा आणि त्या दिवसांतलं शेण वर सांगितलेल्या ढिगात घाला.

प्रश्न : दर वर्षी मारवाडचे रेवड (मेंढ्यांचे कळप) आमच्या गावावरून जातात. आम्ही धान्य आणि थोडे पैसे देऊन दोन-तीन रात्री शेतात मेंढ्या बसवतो. खत उत्तम मिळतं. मुलगा कृषी शिकतो. तो म्हणतो यातूनच तण येतं, बंद करा. काय करावं?
(एक वाचक, सांवेर)

उत्तर : बंद करू नका. मुलगा चुकीचं बोलत नाही, अर्धं बोलतो आहे. मेंढी चारा बारीक चावते, त्यामुळे गाईच्या मानाने तिच्या लेंडीत जिवंत बी कमी. पण जे येतं ते मागच्या दोन-तीन दिवसांच्या चराईतलं असतं. म्हणून सौदा करताना रेवडच्या मुखियाला ‘किती जनावरं’ याच्याआधी ‘परवा कुठे चरली’ हे विचारा. कापलेल्या गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात चरून आली असतील तर निर्धास्त बसवा. रस्त्याकडेच्या गाजरगवतातून, पडीक जमिनीतून आली असतील तर पहिली रात्र बांधावर किंवा पडीक तुकड्यात बसवा आणि दुसऱ्या दिवसापासून शेतात घ्या. ही माणसं रागावत नाहीत. कुठल्या गावात काय पेरलं, कुठे कापणी झाली, हे त्यांच्याइतकं पटवाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मुलाच्या लक्षात न आलेली दुसरी वाट म्हणजे लोकर. गोखरूसारखी आकड्यांची फळं लोकरीला धरून शंभर मैल येतात, आणि त्यांना पोटातून जावं लागत नाही. मेंढ्या आत घेताना पाठी-पोटाकडे नजर टाका. फार लगडलेली असतील तर जिथे बसवल्या तो तुकडा पहिल्या पावसानंतर स्वतः फिरून बघा आणि रोपं लहान असतानाच काढा. त्याला एक सकाळ लागते. त्या बदल्यात जे खत शेतभर पडतं ते ट्रॉलीने आणायला किती लागेल, हा हिशेब मुलाकडूनच करून घ्या.

प्रश्न : बरसीमच्या बियांत कासनी या तणाचं बी मिसळलेलं येतं. निवडायचं कसं? आणि गाभण म्हशीला बरसीम पोटभर दिलं तर चालतं का?
(एक वाचक, देपालपूर)

उत्तर : पोटभर देऊ नका, गाभण असो वा नसो. दवात भिजलेलं कोवळं बरसीम उपाशी पोटी खाल्लं की गॅस फेसात अडकतो आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. आधी भुसा किंवा कडबा, मग बरसीम, आणि कापल्यावर तासभर सुकू द्या. फुगलंच तर पशुवैद्याला बोलवा. तो येईपर्यंत जनावर उभं ठेवा, पुढचे पाय उंचावर येतील असं.

कासनीसाठी मिठाचं पाणी : दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो मीठ. बी ओतून ढवळलं की कासनी आणि पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाका. खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, सावलीत सुकवा आणि मग गुळाच्या पाण्यातून जिवाणू चोळा. धुण्याआधी चोळलेत तर मिठात जिवाणू मरतील.